परत विचारतील

शैलावहिनी माझ्याशी एक शब्दही बोलायच्या आधी त्यांनी माझ्या शर्टाचा कफ उलटून आतली शिलाई पाहिली होती. माझा मित्र प्रकाश लग्न करून बायकोला महाडात घेऊन आला, तेव्हाची गोष्ट. मी आहेराचं पाकीट घेऊन त्यांच्या दारात उभा होतो. वहिनींनी पदर सावरला, माझ्या मनगटाजवळचं कापड दोन बोटांत धरून उलटं केलं आणि "रेडिमेड हाय. दोन धुण्यांत उसवंल," असं सांगून त्या चहा ठेवायला आत गेल्या. तो शर्ट पुढे दोन वर्षं टिकला, पण हे त्यांना सांगायची माझी छाती झाली नाही.

ही सवय त्यांनी कुणासाठीही आवरली नाही. हळदीकुंकवाला आलेल्या बायका, शाळेतल्या बाई, एसटीत शेजारी बसलेली अनोळखी म्हातारी, सगळ्यांचे काठ आणि दुमड त्या उलटून बघत. प्रकाश चारचौघांत ओशाळा व्हायचा. त्या म्हणत, "कापड आतून बघावं, भाऊजी. भायेरून काय, इस्त्री केली की समदंच बरं दिसतं." माणसांच्या बाबतीत मात्र त्यांनी ही काळजी कधी घेतली नाही. आपल्या गावचा, आपल्या बाजूचा, एवढं कळलं की त्यांना पुरे व्हायचं.

त्यांचं माहेर पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरातल्या एका वाडीत. घरटी एक माणूस मुंबईत, आणि त्याला तिथे चिकटवणारा दुसरा माणूस त्याच वाडीतला. शिवण त्या मावशीकडे शिकल्या. लग्नानंतर पोस्टाने अभ्यास करून त्यांनी फॅशन डिझायनिंगचा डिप्लोमा मिळवला आणि त्याचं सर्टिफिकेट काचेत घालून भिंतीवर, सासऱ्यांच्या फोटोच्या शेजारी लावलं. सासूबाईंनी ते दोनदा उतरवलं आणि वहिनींनी दोनदा परत लावलं. त्या घरातली त्यांची उघड बंडखोरी तेवढीच.

बाहेरच्या खोलीत त्यांचा शिवणक्लास चाले. बिरवाडीच्या, नाते गावच्या, तुडीलच्या पोरी येत. महाडातले इतर क्लासवाले पोरींना वर्षभर काज-बटणं आणि फॉलपिकोमध्ये अडकवून ठेवत आणि कटिंग स्वतःच्या हातात ठेवत, कारण कटिंग शिकलेली पोरगी उद्या समोरच दुकान टाकते. वहिनी पहिल्या महिन्यातच पोरीच्या हातात कात्री देत. कापड वाया गेलं तर रागवत नसत. "चुकंल तवाच हात बसंल गो. काप," म्हणायच्या. मी त्यांना एकदा म्हटलं, तुम्ही स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताय. त्यावर त्या हसल्या होत्या.

त्यांना स्वतःला मात्र ब्लाऊज आणि पंजाबी ड्रेस शिवण्यात काडीचा रस नव्हता. भाताच्या आवणीला चिखलात उतरलेल्या बायका गुडघ्यापर्यंत काष्टा आवळून घालतात, त्या घडीवरून वहिनींनी एक सलवार बेतली होती. मागून काष्टा वाटावा, पुढून सलवार, आणि चालताना पाय मोकळे. जुन्या नऊवारीचे काठ त्यांनी तिच्या घोट्याला लावले होते. महाडात ती एकीनेही घातली नाही. एका बाईने तर विचारलं, ही नाटकासाठी का? वहिनी मला म्हणाल्या, "हितं लोकं कपडा मागत नायत, भाऊजी. शेजारणीनं शिवला तसा मागतात." त्यांना मुंबईत, जिथे नवे कपडे आधी कागदावर आणि मग अंगावर येतात अशा ठिकाणी नोकरी हवी होती. एवढी एकच गोष्ट मागताना मी त्यांना आयुष्यात पाहिलं. मागताना म्हणजे, मनात.

कारण तोंडाने मागायची सोय नव्हती. प्रकाश वाईट नव्हता. एमआयडीसीतल्या कारखान्यात तीन पाळ्यांत राबून तो कशालाच फार विरोध करायच्या अवस्थेत उरला नव्हता. पण त्याने एक अट घातली होती. "मुंबईवाल्यांनी बोलावलं तर जा. दादरला बहिणीकडं ऱ्हा, शनवार-रविवार ये. पण माज्या बायकोनं दारोदार नोकरी मागायची नाय." सासूबाईंचंही म्हणणं तेच, फक्त जास्त आवाजात. म्हणजे वहिनींना नुसती नोकरी मिळून भागणार नव्हतं. लोकांनी त्यांना आग्रहाने न्यायला हवं होतं. "मी नको नको म्हणत होते, पण ते ऐकतच नायत," हे वाक्य घरी येऊन सांगता आलं असतं, तरच त्यांची पिशवी भरली जाणार होती.

दोन हजार साल उलटून सहा-सात वर्षं झाली होती. बाजारपेठेत एका जिन्याखाली माझा चार कॉम्प्युटरचा सायबर कॅफे होता. निम्मा दिवस लोडशेडिंग, उरलेल्या निम्म्यात इंटरनेट रांगत येई. एका दुपारी वहिनी पोरींना सुट्टी देऊन आल्या आणि म्हणाल्या, कुठल्याशा मासिकात वाचलंय, नोकरीधंद्यातली माणसं जिथे एकमेकांना जोडून घेतात अशी एक साइट असते, ती लावून द्या. मी लावून दिली. खातं उघडलं. पुढे स्वतःविषयी लिहायची चौकट आली आणि गाडी अडली.

"सोताचं सोता काय सांगायचं?" त्या म्हणाल्या. मी सांगितलं की इथे तसंच करतात, मी अशी, मला हे येतं, मला हे पाहिजे. त्यांनी जीभ चावली. शेवटी त्यांनी लिहायला लावलं ते असं: नाव, डिप्लोमा, पतीचं नाव, माहेरचं गाव आणि "इतर माहिती आमच्या गावात कोणीही देईल." मी ते इंग्रजीत करताना हसलो, तर त्या मनापासून म्हणाल्या, "देतील की. विचारून बघावं त्यांनी."

साइटवर दुसऱ्यांनी शिफारस लिहायची सोय आहे म्हटल्यावर मात्र त्यांचा चेहरा उजळला. ही रीत त्यांच्या ओळखीची होती. शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापकांना त्यांनी रिक्षात घालून कॅफेत आणलं. त्यांनी सांगितलं आणि मी टाइप केलं: "सदर महिला अत्यंत नम्र, सुस्वभावी व निर्व्यसनी असून कुटुंबवत्सल आहे." महिला मंडळाच्या अध्यक्षांनी लिहिलं की त्या रांगोळीही छान काढतात. सलवारीबद्दल कुणीच लिहिलं नाही, कारण ती कुणी नीट पाहिलीच नव्हती.

मग ओळखी जोडणं सुरू झालं. वहिनी साइटवर फॅशनवाले शोधायच्या ऐवजी आडनावं शोधत. पोलादपूरचा कुणी, महाडचा कुणी, माहेरच्या भावकीतला कुणी. "आपलं माणूस आत असलं की पुढचं तोच बघतो," हा त्यांचा हिशेब, आणि त्यांच्या भावाच्या बाबतीत तो खराही ठरला होता. थोड्याच दिवसांत त्यांच्याकडे ओळखींचं मोठं गाठोडं जमलं. बँकेतले क्लार्क, कॅन्टीनचे सुपरवायझर, एक औषधविक्रेता आणि अनेक विमा एजंट. प्रत्येकाला त्या आधी आईवडिलांची तब्येत विचारत, मग गावच्या पालखीची खबर देत. नोकरीचा विषय काढत नसत. तो समोरच्याने काढायचा असतो. समोरचा काढत होता तो पॉलिसीचा.

मी वैतागून म्हटलं, वहिनी, हे गावच्या मंडळाचं मुंबईतलं ऑफिस नव्हे. यांतल्या एकाचाही कापडाशी संबंध नाही. तुमचं काम दिसलं पाहिजे. मग ओळखीच्या एका फोटोग्राफरचा डिजिटल कॅमेरा आणला आणि सावित्रीच्या पुलाजवळ सलवारीचे फोटो काढले. अंगावर घालायला त्यांनी रूपालीला उभं केलं.

रूपाली ही त्यांच्या क्लासमधली बिरवाडीची मुलगी. बाप कारखान्यात कंत्राटी कामगार, भाड्याची एक खोली आणि त्यात पाच माणसं. पोरगी उंच, हुशार, हात साफ. वहिनींचा तिच्यावर जीव होता. दुपारी डबे उघडले की रूपालीकडे बहुतेक वेळा डबा नसे. वहिनी भाकरी पुढे करत, ती "नको मॅडम, भूक नाय" म्हणे. वहिनी परत म्हणत, ती परत मान हलवी. मग वहिनी तिचा हात धरून त्यावर भाकरी ठेवत आणि ती खाली मान घालून शेवटच्या घासापर्यंत खाई. रोज हेच. बघणाऱ्याला खेळ वाटावा, पण त्यात दोघींची अब्रू राखली जायची.

फोटो चढवायला दोन दुपारी गेल्या. पंधरवड्यात मुंबईहून निरोप आला. परळच्या बाजूला कपड्यांची एक नामांकित कंपनी, तिथल्या मुख्य डिझायनर बाईंनी स्वतः लिहिलं होतं. तुमची सलवार आम्हाला फार आवडली. आमच्याकडे नमुने तयार करणाऱ्या विभागात जागा आहे. तुम्हाला यायची इच्छा आहे का? इतकं सरळ.

मी त्या दिवशी पनवेलला गेलो होतो. वहिनींनी डिक्शनरी घेऊन तो निरोप स्वतः वाचला आणि एकेक अक्षर शोधत उत्तर स्वतः टाइप केलं. संध्याकाळी मी आलो तर त्या जिन्याशी उभ्या. चेहरा असा की मी तो त्या नवी नवरी म्हणून आल्या तेव्हाही पाहिला नव्हता. त्यांनी लिहिलं होतं, आपण आठवण काढलीत, आनंद वाटला. सध्या माझं इथे बरं चाललं आहे, नोकरीचा तसा विचार नाही. घरी सगळे ठीक असतील.

मी कपाळावर हात मारला. "वहिनी, हे काय केलंत?"

"काय केलं?"

"तुम्ही नाही म्हणालात."

"पयल्यांदा कोण हो म्हणतं, भाऊजी?" त्यांना माझीच कीव आली. "हावरट दिसंल ते. परत विचारतील. ज्याला खरंच पायजे तो परत विचारतो."

मी भांडलो. म्हटलं, त्या बाईला दिवसाला पन्नास जण लिहीत असतील, तिला काय पडलंय तुमचं मन वळवायचं. आत्ताच्या आत्ता लिहा की मी यायला तयार आहे. त्या हटल्या नाहीत. घरी त्यांनी प्रकाशला सांगूनही टाकलं होतं की मुंबईहून बोलावणं आलंय, मी नको म्हटलं. प्रकाश म्हणाला होता, "बघ, परत म्हणाले तर बघू." सासूबाई गप्प बसल्या होत्या, म्हणजे अर्धं काम झालं होतं. रोज दुपारी वहिनी येत, साइट उघडत, विमा एजंटांचे निरोप वाचत आणि जात. दुसरा आठवडा संपताना मी जवळजवळ दमदाटी करून त्यांच्याकडून लिहून घेतलं. दोन ओळींचं उत्तर आलं. जागा भरली आहे, शुभेच्छा.

जागा कुणी भरली ते त्याच आठवड्यात कळलं. रूपाली पेढे घेऊन क्लासमध्ये आली. बिरवाडीतल्या एका कॅफेत बसून तिनेही त्या साइटवर खातं काढलं होतं आणि सलवारीचे तेच फोटो लावले होते. फोटोत तीच होती, त्यामुळे खोटं कुठेच नव्हतं. ती शिवताना तिचे हातही लागले होते, तेही खरं. डिझायनर बाईंनी तिला विचारलं आणि तिने उलट टपाली कळवलं, हो, सोमवारपासून येते.

वहिनींनी पेढा खाल्ला. देवापुढे ठेवायला एक काढून घेतला. "चांगलं झालं गो, बापाला हातभार होईल," म्हणाल्या. रात्रीचं जेवण त्या जेवल्या नाहीत, हे प्रकाशने मला सांगितलं. माझ्याजवळ त्यांनी रूपालीविषयी वावगा शब्द काढला नाही. म्हणाल्या, "त्या मुंबईच्या बाईला आपली रीत कशी ठावी असणार? चूक माझीच झाली." मला संताप येत होता, त्या बाईचा, पोरीचा, आणि सगळ्यांत जास्त या आपल्या रीतीचा. पोटात आग पडलेली असताना पानावरून उठायचं आणि कुणी हात धरून बसवील म्हणून दाराकडे बघत राहायचं, याला सभ्यपणा म्हणतात.

पुढचं वर्ष-दीड वर्ष वहिनी क्लास घेत राहिल्या. साइटवर रूपालीच्या नावाखाली आधी सहायक, मग डिझायनर असं आलं. तिच्या कंपनीने काष्ट्याच्या सलवारी बाजारात आणल्या आणि मुंबईच्या पेपरात त्यांचे रंगीत फोटो छापून आले. वहिनींनी तो कागद पाहिला. "बेत बिगाडला. मागची घडी सैल सोडलीय," एवढंच बोलल्या आणि त्यात भाकऱ्या गुंडाळल्या.

शिमग्याच्या सुट्टीत रूपाली बिरवाडीला आली आणि निरोप धाडून मॅडमना भेटायला महाडात आली. वहिनींनी मलाही बोलावून घेतलं. प्रकाश पाळी बदलून घरी थांबला होता. सासूबाई आतल्या दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. इतकी तयारी का, ते मला चहा येईपर्यंत कळलं नाही. रूपालीने निरोपातच कळवलं होतं की कंपनीचं एक काम आहे.

केस कापलेली, नीटनेटकी रूपाली खुर्चीच्या कडेला बसली. इकडचं तिकडचं झाल्यावर तिने सांगितलं की नमुन्यांच्या विभागाला प्रमुख हवीय. एकच सलवार दोघींच्या नावावर दिसली होती, ती मुळात कुणाची हे डिझायनर बाईंना आता कळलंय. "त्यांनी मला विचारायला सांगितलंय, मॅडम. तुम्ही याल का?"

सासूबाईंचं सूप थांबलं. प्रकाश पुढे सरकून बसला. त्याच्या तोंडावर "एवढं म्हणतायत तर जा" हे वाक्य तयार दिसत होतं, फक्त त्याला कुणीतरी एवढं म्हणायला हवं होतं. वहिनींनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि खाली बघत म्हणाल्या, "आता कुटं गो मी. सासूबाई हायत, क्लास हाय. या वयात कशाला."

त्या थांबल्या. आम्ही सगळे थांबलो. हे नको म्हणजे नको नव्हे, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, तांदूळ निवडणाऱ्या म्हातारीलासुद्धा. समोर मुंबईची बाई नव्हती. समोर बिरवाडीची पोर होती.

"बरं," रूपाली म्हणाली आणि पर्स उचलली.

मला राहवलं नाही. "अगं, असं काय करतेस? परत एकदा विचार की मॅडमना."

रूपालीने माझ्याकडे पाहिलं. अगदी शांतपणे म्हणाली, "त्या नको म्हणतायत ना, काका. जबरदस्ती कशाला? मुंबईत एकदाच विचारतात."

मी वहिनींकडे पाहिलं. एक शब्द, फक्त "येते" एवढा शब्द त्यांनी त्या वेळी टाकला असता तरी चाललं असतं. पण ज्या हाताला रोज धरून भाकरी दिली, त्याच हातापुढे ओंजळ करायची, तीही नवऱ्यासमोर आणि सासूसमोर, हे त्यांच्याने होणार नव्हतं. त्या उठल्या. आतून करंडा आणला, रूपालीला कुंकू लावलं, ओटीत तांदूळ, नारळ आणि ब्लाऊजपीस घातला. रूपाली वाकून त्यांच्या पाया पडली.

चपला घालता घालताच तिने मोबाइल कानाला लावला. दार उघडंच होतं. इंग्रजीत ती म्हणाली की मी विचारलं, पण त्यांना इच्छा नाही. प्रकाशने टीव्ही सुरू केला.

त्यानंतर वहिनींच्या क्लासमध्ये एक फरक झाला. आतल्या खोलीच्या दाराला त्यांनी जाड पडदा लावला. कटिंग त्या पडद्यामागे एकट्याने करू लागल्या आणि कापलेले भाग बाहेर आणून पोरींपुढे टाकू लागल्या. पोरी काज-बटणं करत, फॉल लावत, सरळ शिलाई मारत. कुणी विचारलंच तर म्हणत, "आधी टाका सरळ येऊ दे." टाका सरळ आला तरी कुणाला आत बोलावणं झालं नाही. चांगल्या पोरी दुसरीकडे गेल्या. वहिनींनी त्यांना थांबा म्हटलं नाही.

एकदा मी प्रकाशची वाट बघत त्यांच्याकडे बसलो होतो. विषय निघाला तसं रूपालीची बाजू घेऊन मी म्हटलं, लहान आहे ती, तिकडची सवय लागली असेल, मुंबईत खरंच कुणी दोनदा विचारत नाही.

"मुंबईत नव्हती बसली ती, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "माज्या घरात बसली होती."

मग त्यांनी टेबलावरून कात्री आणि खडू उचलला, पोरींना "आवाज नको" म्हणून बजावलं, आणि आत जाऊन पडदा ओढून घेतला.